तपासणी आधी तिची, दोषही आधी तिला

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. जन्मभर नर्सची नोकरी केलेली बाई बाळाच्या संगोपनावर नाहीतर आहारावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "बोला. पण जरा जपून." जपूनच बोलणार आहे, परंतु गोष्ट मात्र गाळणार नाही.

विषय असा आहे. एखादी बाई गरोदर असते, रक्त तपासल्यावर तिला एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे कळते, आणि त्यानंतर तिला स्वतःच्या घरात, बहुधा नवऱ्याच्याच हातून, मार खावा लागतो. रोगाविषयी मी थोडे बोलेन. मला अधिक बोलायचे आहे ते त्या घराविषयी, आणि त्या घराला लागून असलेल्या आपल्या घरांविषयी.

आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या बायका. सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे नाव घेताना आपली मान ताठ होते, आणि ती व्हावीच. परंतु याच बुलढाण्यात ताराबाई शिंदे नावाची आणखी एक बाई होऊन गेली, तिची आठवण आपल्याला क्वचितच होते. तिचे वडील बापूजी हरि शिंदे कचेरीत नोकरीला होते. १८८१ साली तिकडे सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. वैधव्यात दिवस गेले आणि लोकलाजेस्तव तिने जन्मलेले मूल मारले, असा तिच्यावर आरोप. न्यायाधीशाने फाशी सुनावली. पुढे वरच्या न्यायालयात शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवरच आगपाखड केली. ती वाचून संतापलेल्या ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे लहानसे पुस्तक पुण्यास छापवून घेतले. जे जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा उघड सवाल होता. पुस्तक पुढे विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले, तेव्हा कुठे आपल्याला आपल्या या शेजारणीची ओळख झाली.

त्या सुरतेच्या खटल्यातली एक गोष्ट माझ्या मनात नेहमी सलते. ते मूल काही एकटीचे नव्हते, पण न्यायासनापुढे उभी राहिली ती एकटी. आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात निराळ्या कारणाने तेच घडते, म्हणून ताराबाईंची आठवण काढली.

हल्लीची रीत पाहा. दिवस गेल्याचे कळले की आशाताई नाव नोंदवते, माता-बाल संरक्षण कार्ड मिळते आणि होईल तितक्या लवकर रक्त तपासले जाते. रक्त किती आहे, साखर किती आहे, गरमी किंवा कावीळ नाही ना, आणि त्यातच एच.आय.व्ही. ही तपासणी चांगलीच आहे. ती व्हावी म्हणून मी स्वतः कितीतरी जणींच्या मिनतवाऱ्या केल्या आहेत. पण तिचा एक परिणाम आपल्या ध्यानात येत नाही. घरातल्या दोघांपैकी रक्त तपासले जाते ते बायकोचे, कारण दिवस तिला गेलेले असतात. नवऱ्याचे रक्त तपासायला निमित्तच नसते. हा रोग आठ-आठ, दहा-दहा वर्षे अंगात राहून बाहेर काही दिसू देत नाही. त्यामुळे नवऱ्याला लागण सात वर्षांपूर्वीची असो की सात महिन्यांपूर्वीची, कागदावर पहिले नाव चढते ते बायकोचे. आणि ज्याचे नाव पहिले चढले त्यानेच रोग घरात आणला, असा हिशेब घरातली माणसे त्याच संध्याकाळी करून मोकळी होतात. कोणाचा रोग आधी कळला यावरून तो कोणाला आधी झाला हे मुळीच ठरत नाही. पण हे ऐकून घ्यायला त्या संध्याकाळी कोणी तयार नसते.

मी घाटावर नोकरी केली, घाटाखालीही केली. घाटाखालच्या एका गावी दिलेली, आमच्याकडे माहेरी आलेली एक मुलगी अजून डोळ्यांपुढे आहे. पाचवा महिना होता. पहिलटकरीण, वय वीस-एकवीस. तपासणीचा निकाल तिला आत बसवून सांगितला, तर ती रडली नाही. तिने पहिला प्रश्न बाळाचा केला नाही की स्वतःचा केला नाही. ती म्हणाली, "सिस्टर, त्याईले सांगू नका. मले घरात नाई ठेवणार." आम्ही सांगितले नाही. पण तिने आईला सांगितले, आईने भावाला सांगितले आणि भावाने रागाच्या भरात फोन उचलून थेट जावयाला जाब विचारला. त्याचा हेतू बहिणीची बाजू घेण्याचाच होता. दोन दिवसांनी जावई येऊन बायकोला घेऊन गेला. चारचौघांसमोर अगदी गोड बोलून नेले.

सातव्या महिन्यात ती आली ती रक्तस्राव होऊ लागला म्हणून. पोटावर लाथ मारलेली होती. अंगावरचे डोरले काढून घेतलेले होते. माझे गोळ्यांचे विचारणे झाले तेव्हा कळले की गोळ्यांची बाटली सासूने चुलीत टाकली होती, कारण त्या गोळ्या घरात दिसल्या की लोक काय म्हणतील! बाळ वेळेआधी जन्मले; जगले. नवऱ्याने रक्त तपासून घ्यायला वर्षभर नकार दिला. पुढे तो खोकल्याने अंथरुणाला खिळला तेव्हा तपासणी झाली, आणि त्याचे दुखणे तिच्यापेक्षा पुष्कळ जुने असावे असे डॉक्टरांना दिसले. हे त्या घरातल्या सगळ्यांना समजावून सांगितले गेले. सगळ्यांनी ऐकून घेतले. तिला लाथ मारल्याबद्दल त्यानंतरही कोणी अवाक्षर काढले नाही.

आता कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी नवराच दोषी असतो काय? नसतो. कधी बायकोला लागण असते आणि नवऱ्याला नसते. पहिल्या लग्नातून, रक्त चढवण्यातून, निरनिराळ्या कारणांनी तसे होते. ट्रकवरची माणसेच तेवढी रोग घेऊन येतात, असेही मी म्हणणार नाही. मलकापूर, नांदुरा, खामगावावरून हमरस्ता जातो म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवतात. परंतु इस्त्रीचे कपडे घालणाऱ्या, पगारदार घरांतलेही कागद मी हाताळलेले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसाय न करणाऱ्या स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. शंभरात तेरा-चौदा जणींना लागण निघाली, आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशी कधी संबंध आलेला नव्हता. आपल्याकडच्या बायकांना हा रोग कसा होतो, याचा याहून सरळ पुरावा मला ठाऊक नाही.

दुसरी एक गोष्ट तर मला स्वतःला फार विचारात पाडून गेली. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या २८,००० विवाहित स्त्रियांची माहिती मिळाली होती, तिचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांना नवऱ्याचा मार आणि शरीरसंबंधाची जबरदस्ती हे दोन्ही सोसावे लागत होते, त्यांच्यात एच.आय.व्ही.ची लागण इतर बायकांच्या जवळजवळ चौपट आढळली. आपण समजतो, आधी रोग कळतो आणि मग मार सुरू होतो. पुष्कळ घरांत मार आधीपासूनच चालू असतो. जो नवरा बायकोला नको म्हणू देत नाही, तो निरोध वापरा असेही म्हणू देत नाही. त्याच नवऱ्याच्या हाती उद्या तिचा तपासणीचा कागद पडणार असतो. आणि मार ही काही दुर्मिळ गोष्ट समजू नका. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित स्त्रियांपैकी एकीने नवऱ्याच्या हातून हिंसा सोसल्याचे सांगितले. ही झाली सांगणाऱ्यांची संख्या. न सांगणाऱ्या निराळ्या.

औषधाविषयी आता थोडक्यात सांगते, कारण त्यात आशेचा भाग मोठा आहे आणि तो घरोघर पोहोचलेला नाही. १९८६ साली मद्रासेस हा रोग आपल्या देशात पहिल्याने सापडला तेव्हा आमच्या हाती देण्यासारखे काहीच नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारी औषध फुकट मिळू लागले. २०१४ पासून लागण असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, तिची प्रकृती कशीही असो, जन्मभराचे औषध ताबडतोब सुरू करतात. आज बहुतेकींना दिवसाला एकच गोळी असते. औषधच घेतले नाही तर शंभर बाळांपैकी पंधरापासून पंचेचाळीस बाळांना आईपासून लागण होते. औषध वेळेवर आणि न चुकता घेतले तर हा आकडा पाचांच्याही खाली येतो. बाळाला निदान सहा आठवडे पाजायचे औषध मिळते आणि दीड वर्षाचे झाल्यावर शेवटची तपासणी होते. आई औषध घेत असेल तर पहिले सहा महिने तिने निव्वळ अंगावरचेच दूध पाजावे, असे हल्ली आम्ही सांगतो. फार काय, औषध नीट चालू राहून रक्तातले विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाले, तर नवऱ्यालाही तिच्यापासून लागण होत नाही.

पण ही सगळी किमया 'वेळेवर आणि न चुकता' या चार शब्दांत आहे. जिला मार पडतो तिला गोळी वेळेवर घेता येत नाही. तिची बाटली चुलीत जाते, नाहीतर विहिरीत जाते. एका घरी तर बायकोच्या गोळ्या नवराच चोरून घेऊ लागला, कारण स्वतः तपासणीला जायची त्याला लाज वाटत होती. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतात आणि त्याचा भोग बाळाला भोगावा लागतो. म्हणून मी डॉक्टरसाहेबांच्या तोंडावर नेहमी म्हणत असे, की या बाईचा मार थांबवणे हा तिच्या औषधाचाच एक डोस आहे. ते हसत. कागदावर ते औषध लिहिता येत नाही, हे खरे.

मग करावे काय? प्रथम कायद्याकडे वळते, कारण आपल्या बाजूला तो आहे हे फार थोड्या जणींना माहीत आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. सांगून-विचारून संमती घेतल्याशिवाय तपासणी करायची नाही आणि निकाल दुसऱ्या कोणाला कळू द्यायचा नाही, असे त्यात आहे. जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टरला किंवा समुपदेशकाला आहे, तीही काही अटींवर. आणि त्याच नवव्या कलमात एक वाक्य आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. नवऱ्याला सांगितल्याने त्या बाईला मारहाण होईल, तिला टाकून देतील किंवा तिच्या वा तिच्या मुलाबाळांच्या जिवावर बेतेल अशी रास्त भीती असेल, तर नवऱ्याला सांगायचे नाही. दिल्लीला बसून कायदा करणाऱ्यांना हे लिहावेसे वाटले, याचा अर्थ आमच्या त्या मुलीसारख्या पुष्कळ जणी देशभर असल्या पाहिजेत.

याच कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. रोगाच्या नावाखाली तिला घराबाहेर काढता येत नाही की न्हाणीघर, स्वयंपाकघर वेगळे करता येत नाही. तिच्या संमतीवाचून गर्भपात किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करता येत नाही. कोर्टात जावे लागले तर खरे नाव झाकून टोपणनावाने प्रकरण चालवण्याची सोय आहे. पोटगी ठरवताना तिच्या औषधपाण्याचा खर्चही पाहावा, असे आहे. शिवाय २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहेच. त्याप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, न्यायदंडाधिकाऱ्याकडून नवऱ्याला मनाईहुकूम मिळवता येतो, खर्चाला पैसे मागता येतात. त्या कायद्याचे चौथे कलम तर आपल्यासाठीच केल्यासारखे आहे: हिंसा होते आहे असे ज्या कोणाला वाटते, त्या शेजारणीलाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते, आणि चांगल्या हेतूने कळवले तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

आता नवऱ्याला कधीच सांगायचे नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्यालाही औषधाची गरज असते, आणि त्याला लागण नसेल तर त्याला जपायचेही असते. म्हणून आमचा अनुभव असा, की सांगण्याची घाई करू नये आणि सांगण्याची जागा घर असू नये. मी पाहिलेल्यांपैकी एक समुपदेशकबाई फार हुशार होत्या. त्या निकाल सांगण्याआधीच प्रत्येक गरोदर बाईला म्हणत, "पुढच्या वेळी यजमानांना घेऊन या, इथे दोघांचीही तपासणी करायची पद्धत आहे." म्हणजे रक्त द्यायला दोघे एकाच बाकावर बसत आणि निकालही दोघांना मिळे, अर्थात दोघांची संमती घेऊन. एकदा असेच एक जोडपे आले. दोघांनाही लागण निघाली. नवरा बराच वेळ भिंतीकडे पाहत बसला, मग उठून एकटाच एस.टी. स्टँडकडे निघून गेला. आम्हाला वाटले, संपले. पुढच्या महिन्यात औषधाच्या दिवशी तो बायकोच्या मागे पिशवी धरून उभा होता. सगळीच माणसे अशी निघत नाहीत, पण ज्याच्या हाती बायकोविरुद्धचा कागद पडत नाही, त्याला आरोप करायला आधारही सापडत नाही, एवढे त्यावरून मला समजले.

त्याच बाई आणखी एक करीत. सासू, नवरा, जाऊ, जे कोणी बरोबर आले असेल त्याला चहा प्यायला बाहेर पाठवीत आणि मग गरोदर बाईला एकटीलाच विचारीत, "घरी कोणी हात उचलते का? हे सांगितले तर काय होईल असे तुला वाटते?" किती साधा प्रश्न! दिवसाला शंभर बायका तपासायच्या असल्या की तो विचारायचा राहून जातो. मुंबईस वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले, त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तिथे हा प्रश्न विचारणे हेच काम समजले जाते. उलट एका ठिकाणी मी असेही पाहिले, की लागण असलेल्या बाईच्या कागदावर कोपऱ्यात लाल शाईने खूण करीत. त्या खुणेचा अर्थ दवाखान्यासमोरच्या टपरीवरच्या पोरालासुद्धा ठाऊक होता!

आणि आता आपल्याकडे येते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. रोगाच्या बाबतीत ते खरे आहे. कोणाला कोणता रोग आहे, ही त्या बाईची मूठ. ती तिनेच उघडायची. परंतु नवरा मारतो, ही झाकायची गोष्ट नाही. आपण करतो ते बरोबर उलट. अमकीला 'तो' रोग आहे म्हणे, हे नळावर, गिरणीत, लग्नाच्या पंगतीत आपण एकमेकींच्या कानांत सांगतो. आणि रात्री भिंतीपलीकडून तिच्या किंकाळ्या आल्या तर टी.व्ही.चा आवाज वाढवतो, कारण तो त्यांच्या घरचा मामला! बोलायचे ते झाकतो आणि झाकायचे ते बोलतो. आशाताईही आपल्याच गावातली, आपल्याच भावकीतली असते. तिला खोदून खोदून विचारणाऱ्या कोण असतात? आपणच असतो. तिच्या नोकरीवर आणि त्या बाईच्या जिवावर त्यामुळे काय ओढवते, याचा विचार नळावर कोण करतो!

अशी एक बाई मात्र मी पाहिली. नाव सांगत नाही, आणि ती आज या सभेत नाही. तिच्या शेजारची सून गरोदर होती. एक दिवस ती सून तिच्याकडे आली आणि प्लास्टिकची एक पांढरी बाटली हातात देऊन म्हणाली, "मावशी, हे तुमच्याकडे ठेवता का? रोज जेवणं झाल्यावर मी ताकाच्या निमित्तानं येईन." मावशींनी बाटली फडताळात, लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली. रोज रात्री सून रिकामे भांडे घेऊन ताकाला येई, गोळी घेई, ताक घेऊन जाई. आठ महिने हे चालले. मावशींना वाचता येत होते, पण बाटलीवरचे नाव त्यांनी वाचले नाही, निदान वाचल्याचे कधी दाखवले नाही. त्यांच्या घरी दुभते नव्हते. ताकासाठी त्या रोज दूध विकत घेत. आणि एका रात्री पलीकडे नवऱ्याचा आवाज चढलेला ऐकून मावशी हातात कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून सरळ त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज ताक न्यायला कोणी आलं नाही?" त्या रात्रीचा मार टळला. मूल पुढे दीड वर्षाचे झाले तेव्हा शेवटच्या तपासणीत निर्दोष निघाले. हे मला मावशींनी सांगितलेले नाही. त्या सुनेने सांगितले.

आपल्या मंडळाने एक करावे असे मला सुचवायचे आहे. आपण दरसाल हळदीकुंकू करतो, सहली काढतो, पाककृतींच्या स्पर्धा घेतो. ते सर्व असू द्यावे. पण मंडळात दोन-तीन पोक्त, पोटात गोष्ट ठेवणाऱ्या बायका निवडाव्यात. ज्या गरोदर बाईला दवाखान्यात एकटीने जायची भीती वाटते तिच्याबरोबर त्यांनी जावे, कशासाठी ते विचारू नये. मारहाणीसाठी १८१ हा महिलांचा दूरध्वनी आहे, जिवावर बेतले तर ११२ आहे, आणि एच.आय.व्ही.विषयी विचारायचे तर १०९७ आहे, तेथे नाव न सांगता बोलता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' केंद्र असते. तेथे निवारा, पोलीस, वकील यांची मदत एका जागी मिळते. हे आकडे भिंतीवर लावण्यापेक्षा पाठ असलेले बरे, कारण मार खाणाऱ्या बाईला भिंत वाचायला वेळ नसतो.

भाषण संपल्यावर काही भगिनींनी प्रश्न विचारले. संपादक-भगिनींच्या सांगण्यावरून त्यांतले दोन येथे देते.

एकीने विचारले, संरक्षण अधिकाऱ्याकडे आम्ही परस्पर कळवले आणि त्यामुळे तिला घरात जास्तच मार पडला तर? ही भीती खरी आहे. म्हणून जीव धोक्यात नसेल तर आधी त्या बाईला विचारावे. तिची तयारी नसेल तर तिला दटावू नये, घाबरट म्हणू नये. आपले दार उघडे आहे एवढे तिला कळू द्यावे. कागदपत्रे, आधारकार्ड, दवाखान्याचे कार्ड, थोडे पैसे आणि आठ दिवसांच्या गोळ्या तिने दुसऱ्या कोणाकडे ठेवून द्याव्यात, असे मात्र जरूर सुचवावे. घर सोडून पळायची वेळ आली तर गोळ्या मागेच राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. गोळ्या राहिल्याच, तर जवळच्या एआरटी केंद्रात जाऊन सांगावे. तेथून औषध पुढे चालू ठेवण्याची व्यवस्था करता येते.

दुसरा प्रश्न एका वयस्कर भगिनीने जरा दबल्या आवाजात विचारला. अशा बाईचे डोहाळजेवण करावे का, आणि तिची ओटी भरावी का? अवश्य करावे. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, तिच्या हातचे पाणी प्याल्याने हा रोग होत नाही. तिला रोग आहे हे आपल्या कानावर आले असले तरी ते आपल्याला कळले आहे, असे तिला दिसू देऊ नये. बाकीच्यांना जसा खण-नारळ देतो तसाच तिला द्यावा. कुंकू लावताना बोट जरासुद्धा लांबून लावू नये, ते तिच्या लगेच लक्षात येते.